अ‍ॅनिमेशन आणि गेम डेव्हलपमेंट शिकताना या चुका टाळा

अंतिम वर्षाचे प्रकल्प तपासताना सॉफ्टवेअरचे अज्ञान मला फार क्वचित आढळते. आजचे विद्यार्थी मेनू पटापट शोधतात आणि ट्यूटोरियल पाहून धुराचे सिम्युलेशनही करून दाखवतात. तरीही दरवर्षी चांगले प्रकल्प ऐन सबमिशनच्या आठवड्यात कोसळतात, आणि त्यामागची कारणे तीच ती असतात. कच्च्या कामाचा कंटाळा आणि फायलींबाबतची बेफिकिरी या दोन सवयी पहिल्या वर्षीच मोडल्या, तर पुढची बरीच रडारड टळेल.

रेंडरचा हिशेब न मांडणे

दोन मिनिटांची थ्रीडी फिल्म करायची असे ठरवणारा विद्यार्थी कथा सांगतो, पात्रे दाखवतो, पण साधा गुणाकार करत नाही. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर दोन मिनिटांच्या 2880 फ्रेम होतात. एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे थ्रीडी दृश्यापासून अंतिम चित्र तयार करायला, तीन मिनिटे लागत असतील, तर एकूण 8640 मिनिटे, म्हणजे 144 तास, म्हणजेच एक संगणक सलग सहा दिवस चालू ठेवावा लागेल. तोही सगळे पहिल्याच फटक्यात बरोबर आले तर, आणि तसे ते कधीच येत नाही.

चार जणांच्या एका गटाने जुन्या वाड्यातली आजी आणि तिची मांजर अशी सुंदर फिल्म केली होती. हालचालींत जीव होता, प्रकाशयोजना विचारपूर्वक केलेली होती. त्यांनी शनिवारी संध्याकाळी लॅबमधल्या संगणकावर संपूर्ण फिल्मचे रेंडर थेट एमपीफोर फायलीत लावले आणि ते घरी गेले. रविवारी वीज गेली. सोमवारी फोल्डरमध्ये मोठी फाइल दिसत होती, पण ती कोणत्याच प्लेअरमध्ये उघडेना, कारण फाइल वाचण्यासाठी लागणारी माहिती एमपीफोरमध्ये साधारणपणे रेकॉर्डिंग पूर्ण झाल्यावरच लिहिली जाते. त्यांनी घाईने पुन्हा रेंडर लावले, तेव्हा मांजर भडक गुलाबी रंगात आली. तिच्या अंगाचे टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचे चित्र) एका मुलीच्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये राहिले होते आणि ती मुलगी गावी गेली होती. अखेर अर्धी फिल्म रंग-प्रकाशाविना, प्लेब्लास्टच्या, म्हणजे झटपट कच्च्या चित्रणाच्या रूपात ज्युरीपुढे गेली. काम मुळात चांगले होते, म्हणूनच त्याची जास्त हळहळ वाटली.

रेंडर नेहमी सुट्या चित्रांच्या मालिकेत, म्हणजे पीएनजी किंवा ईएक्सआर स्वरूपात करावे. वीज गेली तरी तोवरच्या फ्रेम शाबूत राहतात आणि काम थांबले तिथून पुढे सुरू करता येते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ‘ओव्हरराइट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू ठेवले, तर नेटवर्कवरच्या एकाच फोल्डरमध्ये लॅबचे अनेक संगणक वाटून रेंडर करू शकतात. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेण्यापूर्वी सर्व पाथ (फायलींचे पत्ते) रिलेटिव्ह, म्हणजे मूळ फायलीच्या सापेक्ष करावेत किंवा टेक्स्चर फायलीतच पॅक करावेत. माझी स्वतःची सवय आणखी एक आहे: पूर्ण रेंडरआधी फ्रेम-स्टेप 10 ठेवून दर दहावी फ्रेम काढायची आणि ती पूर्ण आकारात डोळे उघडे ठेवून पाहायची. गुलाबी मांजर, चुकून लपवलेले दार, भिंतीत घुसलेले कोपर हे सारे तिथेच सापडते. शिवाय प्रत्येकाला सायकल्सचेच, म्हणजे ब्लेंडरच्या वास्तवदर्शी पण संथ रेंडर इंजिनचेच रेंडर का हवे असते, हे मला उमगलेले नाही. सपाट रंगांच्या, चित्रमय शैलीच्या फिल्मला ईव्ही हे ब्लेंडरचेच वेगवान इंजिन पुरेसे असते आणि वाचलेला वेळ अभिनयावर खर्च करता येतो.

आधी कळस, मग पाया

“सर, सगळे डोक्यात आहे” असे म्हणून अ‍ॅनिमॅटिक (कच्च्या चित्रांची आवाजासह फिल्म) टाळणाऱ्या विद्यार्थ्यांची मला खरोखर काळजी वाटते. डोक्यातली फिल्म नेहमी वेगवान आणि निर्दोष असते. ओबडधोबड चित्रे आवाजासह एकामागे एक लावून पाहिली, की दोन मिनिटांची म्हटलेली कथा पाच मिनिटांची आहे, हे एका दुपारीच कळते. तेच सहा महिन्यांनी कळले, तर तयार झालेले शॉट कापून टाकावे लागतात.

हालचालींबाबतही तेच. पात्राने टेबलावरचा पाण्याने भरलेला तांब्या उचलायचा आहे, असे समजा. उतावळा विद्यार्थी पहिल्या फ्रेमला हात खाली, चोविसाव्या फ्रेमला हात वर अशा दोन की (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेल्या मुद्रा) लावतो आणि मधले संगणकावर सोडतो. हात तरंगत वर जातो आणि तांब्या कागदाचा वाटतो. प्रत्यक्षात आधी नजर जाते, मग खांदा किंचित खाली येतो, बोटे तांब्याच्या गळ्याभोवती घट्ट होतात, क्षणभर काहीच हलत नाही, आणि मगच दंड वर येतो, तेव्हा शरीर दुसऱ्या बाजूला झुकते. हे टप्पे ट्यूटोरियलमध्ये शोधू नयेत. मोबाइल समोर ठेवून स्वतः तांब्या उचलावा, चित्रण फ्रेमगणिक पाहावे, त्यातल्या सहा-सात मुद्रा कागदावर उतरवाव्यात आणि इंटरपोलेशन ‘कॉन्स्टंट’ ठेवून, म्हणजे मधली हालचाल संगणकाला भरू न देता, फक्त त्याच लावाव्यात. त्या ठोकळेबाज रूपातही वजन जाणवले, तरच पुढे जावे. दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली होती. या माध्यमाला इतका धीर लागतो, आणि झटपट प्लगइनने तो येत नाही.

गेम करणाऱ्यांसाठी

पहिलाच गेम ओपन-वर्ल्ड करू नये. एक खोली, एक नियम आणि एक अडथळा एवढा गेम पूर्ण करून दाखवणारा विद्यार्थी मला अर्धवट शहर बांधणाऱ्यापेक्षा केव्हाही सरस वाटतो. करड्या ठोकळ्यांनी गेम खेळून पाहावा. तो तसा कंटाळवाणा असेल, तर महागड्या मॉडेलने रंजक होणार नाही. मित्राला खेळायला बसवल्यावर तोंडातून अवाक्षर काढू नये. तुम्ही “तिथे उडी मार” म्हणालात, की चाचणी वाया गेली.

युनिटी या गेम इंजिनमध्ये, दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेट फंक्शनमधून पात्र हलवताना वेग टाइम.डेल्टाटाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) न गुणल्यामुळे लॅबच्या ताकदवान संगणकावर पात्र सुसाट पळते, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की कोड न उघडताच ओळखतो. गटात सर्वांनी इंजिनची एकच आवृत्ती वापरावी. प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून फिरवण्याऐवजी पहिल्याच दिवशी गिट हे फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन शिकून घ्यावे. त्यात युनिटी स्वतःच पुन्हा तयार करते ते लायब्ररी फोल्डर टाकू नये, मात्र प्रत्येक फायलीची ओळख जपणाऱ्या मेटा फायली न विसरता टाकाव्यात, नाहीतर दुसऱ्याच्या यंत्रावर सगळे दुवे तुटतात. गिटचे प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवणारे गिटहब 100 एमबीपेक्षा मोठी फाइल साध्या मार्गाने स्वीकारत नाही. त्यासाठी गिट एलएफएस ही मोठ्या फायलींसाठीची जोड आधीच लावून ठेवावे, शेवटच्या रात्री नव्हे.

थोडक्यात सांगण्याजोगे

मॉडेलला रिग (हलवण्यासाठीचा सांगाडा) लावण्यापूर्वी स्केल ‘अप्लाय’ करावे. 24 फ्रेमचे अ‍ॅनिमेशन आणि मोबाइलवरचे 30 फ्रेमचे चित्रण विचार न करता एकाच टाइमलाइनवर टाकू नये. ‘फायनल_नवीन_खरे’ अशी नावे देऊ नयेत. शॉट क्रमांक आणि आवृत्ती क्रमांक पुरतो. आवाज शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये, आणि संवाद ध्वनिमुद्रित करताना त्या खोलीची निव्वळ शांतताही अर्धा मिनिट नोंदवावी, कारण संपादनात दोन वाक्यांमधली जागा भरायला तीच लागते. फुकट मिळालेल्या मॉडेलचा परवाना वाचावा आणि श्रेयनामावलीत नाव द्यावे. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणे मी खपवून घेत नाही.

शो-रीलमध्ये, म्हणजे काम मागताना दाखवायच्या निवडक शॉटच्या फिल्ममध्ये, सर्वांत चांगला शॉट पहिला ठेवावा आणि एक मिनिटाच्या पुढे जाऊ नये. गटात केलेल्या शॉटवर आपण नेमके काय केले, ते लिहावे: मॉडेलिंग, रिग, अ‍ॅनिमेशन की प्रकाशयोजना. ब्लेंडर शिकताना बहुतेकांनी केलेला तो डोनट रीलमध्ये अजिबात ठेवू नये. रील पाहणाऱ्यांनी तो असंख्य वेळा पाहिलेला असतो. त्याऐवजी तांब्या उचलण्याचा आठ सेकंदांचा शॉट, रंगाविना, करड्या पात्रावरचा असला तरी चालेल.