एकाआड एक ओळ रंगवताना

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता वेबपेजवर मी टाकते. बारा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे ४८ ओळी. खजिनदार काकांनी एकदा ३०२ची थकबाकी ३०३च्या माथी मारली, तेव्हा एकाआड एक ओळ रंगवायची ठरलं.

आधी मी चोवीस ओळींना हातानं क्लास, म्हणजे रंगासाठीचं नाव, दिला. पुढे मध्येच पार्किंगची एक ओळ घुसवली आणि खालचे सगळे रंग चुकले. तेव्हा मोजणी सीएसएसवर, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेवर, सोपवा: 'टीबॉडी' (तक्त्याचा मुख्य भाग), स्पेस, 'टीआर' (ओळ), लगेच कोलन, 'एनटीएच-चाइल्ड' आणि कंसात 'ईव्हन'. रंग फिकटच ठेवा. मजला संपल्याची जाड रेघ हवी तर कंसात '४एन'. पण टेबलला 'बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स' दिलं नसेल तर टीआरची बॉर्डर दिसतच नाही. शीर्षकाची ओळ टीहेडमध्ये, म्हणजे तक्त्याच्या शीर्षभागात, ठेवा, नाहीतर तीही मोजली जाते.

खरा घोळ झाला तो 'फक्त थकबाकी' हे बटण लावल्यावर. भरलेल्या ओळी हिडन केल्या, तर शेजारीशेजारी तीन पांढऱ्या ओळी! एनटीएच-चाइल्ड लपलेल्या भावंडांनाही मोजतो. टीआरला क्लास जोडूनही उपयोग नाही; आधी सगळे मोजले जातात, क्लास नंतर तपासला जातो. कंसातच सांगावं लागतं: 'ईव्हन ऑफ', पुढे कोलन 'नॉट', त्याच्या कंसात चौकटी कंसातलं 'हिडन'. सफारीत हे २०१५पासून आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मात्र २०२३मध्ये आलं.

एवढं केलं आणि थकबाकीदारांचा लाल रंग काही ओळींवरून गायब! दोन नियम भिडले की जड तो जिंकतो. 'ऑफ'नंतरच्या सिलेक्टरचं (नियम कुणाला लागू ते सांगणाऱ्या भागाचं) वजनही मोजलं जातं, त्यामुळे पट्ट्यांचा नियम माझ्या 'टीबॉडी टीआर'ला जोडलेल्या लाल क्लासपेक्षा जड झाला होता. इथे लाल नियम जबरदस्तीनं जिंकवायला 'इम्पॉर्टंट' मारायचा मोह होतो. त्यापेक्षा पट्ट्यांचा अख्खा सिलेक्टर कोलन 'व्हेअर'च्या कंसात टाका. वजन शून्य, लाल परत.

लिफ्टजवळच्या फळ्यासाठी प्रिंट काढताना ब्राउझर सहसा बॅकग्राउंडचे रंग गाळतो. 'प्रिंट-कलर-ॲडजस्ट: एक्झॅक्ट' लिहिलं की ते उमटतात. मी प्रिंटपुरती प्रत्येक ओळीखाली बारीक रेघ ठेवते. प्रिंटर माझ्या घरचा आहे, शाईसुद्धा.