सेकंडहँड डिझायनर दागिने ऑनलाइन घेताय? आधी मोडीचा भाव काढा

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता लोकमान्य नगरहून माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला, सोबत इन्स्टाची लिंक. पोल्कीचा, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचा, चोकर, मोठ्या डिझायनरचं नाव, फक्त एकदा लग्नात घातलेला, "ताई, शोरूममध्ये तीन लाखाला आहे, ही बाई ९५ हजारात देतेय, सकाळपर्यंत होल्ड केलाय, घेऊ का?" मी एवढंच म्हटलं, नेट वजन, म्हणजे नुसत्या सोन्याचं वजन, किती ते विचार. तिने विचारलं, उत्तर आलं "टोटल वेट ५८ ग्रॅम डिअर". परत विचारलं, नेट किती, तर त्यावर काही उत्तरच नाही, ते आजतागायत नाही.

मी हे असे दागिने सहा-सात वर्षांपासून घेतेय आणि आम्हा इंदूरच्या लोकांचं एक बरं आहे की सराफा बाजार हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे ऑनलाइन घेतलेली वस्तू दोन तासांत तपासून होते. तर घरातल्या पोरींना आणि मैत्रिणींना जे दर वेळी तोंडी सांगते ते एकदा नीट लिहून टाकते.

पहिली गोष्ट, कुठलाही डाग, म्हणजे दागिना, आवडला की किंमत बघायच्या आधी त्याची मोड काढायची. म्हणजे उद्या हेच सराफ्यात विकायला नेलं, डिझायनरचं नाव पुसून, तर किती येतील? २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५. समजा १८ कॅरेटचं २० ग्रॅमचं ब्रेसलेट आहे तर त्यात शुद्ध सोनं झालं १५ ग्रॅम, त्याला आजच्या २४ कॅरेटच्या भावाने गुणा, सराफ थोडी घट कापेल ती वजा करा, ही झाली मोड. आता विकणारा जे मागतोय त्यातून मोड वजा केली की जे उरतं ते तुम्ही नावाचे, घडणावळीचे आणि खड्यांचे देताय. ते द्यायला माझी काहीच हरकत नाही, चांगल्या कामाचे पैसे द्यावेतच, पण किती देतोय ते माहीत असायला हवं ना. आणि नाव असलं तरी दागिना सोन्याचाच असेल असं नाही हं. मोठमोठ्या डिझायनर लोकांचे पितळेवर सोन्याचं पाणी दिलेले दागिने असतात, स्वारोवस्कीचा तर सगळा खेळच क्रिस्टल आणि प्लेटिंगचा, आम्रपाली ज्वेलर्सच्या ट्राइब ह्या ब्रँडमध्ये चांदीवर सोन्याचा मुलामा असलेल्या वस्तू भरपूर मिळतात. ह्यात वाईट काही नाही, दिसतात सुंदर, पण पितळेची मोड शून्य धरायची आणि चांदीची चांदीच्या भावाने. प्लेटेड वस्तू सेकंडहँड घेताना मी नव्याच्या अर्ध्या किमतीच्या वर कधीच जात नाही, कारण पाणी एकदा उडालं की परत चढवायचा खर्च आपलाच.

आता कुंदन-पोल्कीचं सविस्तर सांगते कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथेच होते आणि माझीही झालेली आहे. ह्या जडाऊ, म्हणजे खडे जडवलेल्या, दागिन्यात सोन्याच्या पत्र्याची पोकळ घरं असतात, आत लाख भरलेली असते, वर खडा आणि त्याच्या खाली चमक यायला चांदीची वर्ख, आणि कडेने शुद्ध सोन्याची पट्टी दाबून तो खडा बसवतात. म्हणजे काट्यावर जे वजन येतं त्यात लाख आली, खडे आले, मोती आले, मागची दोरीसुद्धा आली. म्हणून दोन वजनं असतात, ग्रॉस आणि नेट, आणि पैसे नेटचे. चार वर्षांपूर्वी मी नणंदेच्या लग्नासाठी असाच एक सेट घेतला होता, ग्रॉस ६२ ग्रॅम लिहिलेलं, फोटो अप्रतिम, मी वजन बघून खूश. घेऊन सराफ्यात आमच्या नेहमीच्या दुकानात गेले, काकांनी हातात घेतला, नखाने मागून टकटक केलं आणि काही न बोलता भिंग लावलं. मग म्हणाले, "बेटा, एक घर खोलकर दिखाऊं?" मी हो म्हटलं. त्यांनी बारीक टोकाने एका कडेची पट्टी उचलली, खडा निघून तळहातावर पडला, खाली काळी पडलेली वर्ख आणि आत तपकिरी लाखेचा गोळा, घर गच्च भरलेलं. खडा साधी काच होती. सोनं त्यांच्या अंदाजाने १९ ग्रॅमच्या आसपास, तेही १८ कॅरेटच्या खालचं. मी पैसे पूर्ण सोन्याच्या हिशोबाने दिले होते. विकणारीचा नंबर तोपर्यंत बंद. नवऱ्याला सांगायला मला दोन दिवस लागले, अजून तो सेट बघितला की पोटात कालवतं.

त्यामुळे जडाऊ असेल तर मूळ बिल पाहिजेच, ज्यावर ग्रॉस, नेट आणि खड्यांचं वजन वेगवेगळं लिहिलेलं असतं. बिल नाही तर मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. वरून अडचण अशी की कुंदन, पोल्की आणि जडाऊला हॉलमार्किंगच्या सक्तीतून सूट आहे, म्हणजे शिक्का नसला तरी विकणारा म्हणणार की ह्याला लागतच नाही, आणि ते खरंही असतं.

बाकी साध्या सोन्याच्या दागिन्याला मात्र शिक्का बघायचाच. जुलै २०२१ पासून हॉलमार्कसोबत सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख नंबर, यायला लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा दिसतात, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी लोगो, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६ वगैरे, आणि तो सहा अक्षरी-आकडी नंबर. विकणाऱ्याकडून त्याचा जवळून फोटो मागवा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाका, दागिना कुठल्या प्रकारचा, शुद्धता किती, कुठल्या सेंटरमध्ये तपासला हे सगळं येतं. इथे एक बारकावा आहे, ॲपमध्ये अंगठी दाखवतंय आणि तुमच्या समोर फोटो कानातल्याचा, तर तो नंबर दुसऱ्याच डागाचा उचललेला आहे, सोडून द्या. दोन ग्रॅमच्या खालच्या वस्तूंना सूट आहे आणि २०२१ च्या आधीच्या जुन्या दागिन्यांवर एचयूआयडी असणारच नाही, त्यावर सेंटरची आणि सोनाराची वेगळी खूण असायची, म्हणून नंबर नाही म्हणजे लगेच खोटा असं धरू नका.

परदेशी ब्रँडच्या वस्तूवर बीआयएसचा शिक्का बहुतेक नसतोच. १८ कॅरेटला ७५० कोरलेलं असतं, फ्रान्सच्या सोन्यावर गरुडाच्या डोक्याची बारीक खूण, इटलीच्या मालावर नंबर आणि जिल्ह्याची दोन अक्षरं, जसं बुल्गारीचं २३३७ एएल. कार्टियेचं लव्ह ब्रेसलेट, जे १९६९ मध्ये आल्डो चिपुलोने डिझाइन केलं आणि ज्याची नक्कल गल्लोगल्ली मिळते, त्यावर नाव, ७५०, साइझ आणि सिरियल नंबर कोरलेला असतो. पण कोरणं काय नकली मालावरही येतं, म्हणून अक्षरं किती स्वच्छ आणि एकसारखी आहेत ते बघायचं, कडा फुटलेल्या, खोली कमी-जास्त, असं दिसलं की समजायचं. आणि डबा, पिशवी, कार्ड ह्यावर तर अजिबात भाळू नका, टिफनीचे निळे रिकामे डबेसुद्धा ऑनलाइन वेगळे विकत मिळतात.

फोटो कुठले मागायचे ते पण सांगते. समोरून सगळेच सुंदर काढतात. तुम्ही मागा मागची बाजू, कडी-हूक, कानातल्याची फिरकी, खड्याच्या नख्या जवळून, आणि एका कागदावर आजची तारीख लिहून त्याच्याशेजारी दागिना ठेवून. वस्तू खरंच हातात असेल तर पाच मिनिटांत येतो हा फोटो. शिवाय काट्यावर ठेवलेला व्हिडिओ. त्यांचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, बऱ्याच वेळा कुठल्यातरी परदेशी साइटवरून उचललेले निघतात.

हिरे असतील तर जीआयए किंवा आयजीआय ह्या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट आणि त्याचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून वजन-मापं जुळतात का बघायचं, पुष्कळ हिऱ्यांच्या कडेवर हाच नंबर लेसरने कोरलेला असतो, दहापट भिंगातून दिसतो. मॉइसानाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा, सध्या हिरा म्हणून फार खपवतात. साधा टेस्टर उष्णता किती वाहते ते बघतो, त्यात मॉइसानाइटही हिरा म्हणून पास होतं, तेव्हा "टेस्टरवर बीप वाजला" ह्या व्हिडिओला काही अर्थ नाही. भिंगातून तिरकं बघितलं तर मॉइसानाइटमध्ये खालच्या पैलूंच्या रेघा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरी.

घेणार कुठून? कॉन्फिडेन्शियल कुतूर, लक्सपोलिस अशा आपल्या इथल्या रीसेल साइट्स आहेत, बाहेरच्या व्हेस्तियेर कलेक्टिव्ह वगैरे. ते तपासणी करतो म्हणतात आणि त्याचे पैसे किमतीत धरतात, पण तक्रार करायला कोणीतरी असतं हे मोठं. बाहेरून मागवलं तर कस्टम्स लागतं आणि सोन्या-चांदीच्या आयातीचे नियम सारखे बदलतात, ऑर्डरच्या आधी त्या दिवसाचा नियम बघा. मी स्वतः बाहेरून सोनं मागवतच नाही.

इन्स्टा-फेसबुकवर घ्यायचंच असेल तर आधी व्हिडिओ कॉल, आणि शक्य असेल तर इंदूरमधलाच किंवा आपलं माणूस आहे त्या शहरातला विकणारा शोधा, आणि सौदा सराफाच्या दुकानातच करा, तिथेच वजन तिथेच टंच (शुद्धतेची तपासणी), मगच पैसे. खरा माल असलेली बाई ह्याला नाही म्हणत नाही. "आजच टोकन टाका, तीन जण लाइनीत आहेत" असं म्हणणाऱ्याला मी लगेच राम राम करते. दोन लाख किंवा त्यावर रोख देण्या-घेण्याच्या भानगडीत पडू नका, कायद्याने चालत नाही. चोरीचा माल पण फिरतो हे लक्षात ठेवा, म्हणून बिल नसेल तर निदान विकणाऱ्याचं आयडी आणि सहीचं दोन ओळींचं लेखी घ्या. आणि "रिफंड देते, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाली तर फोन ठेवून द्या, पैसे यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वर फोन, उशीर केला की रक्कम पुढे सरकते. साइटशी भांडण असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पार्सल आलं की फोडायच्या आधी मोबाइल कशाला तरी टेकवून व्हिडिओ सुरू करा, लेबल, टेप, चारी बाजू, मग कात्री, आणि दागिना बाहेर काढून तसाच काट्यावर. मध्ये कट नको. मी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेऊन ठेवलाय, काहीशे रुपयांत मिळतो. भरीव आणि बिनखड्याचा डाग असेल, बांगडी, कडं, वळं, तर घरीच अजून एक बघता येतं. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, दागिना दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला-काठाला लागणार नाही असा धरा, काट्यावर जो आकडा येईल त्याने दागिन्याच्या वजनाला भागा. २२ कॅरेट असेल तर १७-१८ च्या आसपास येतं, १८ कॅरेट १५ च्या वर, चांदी १० च्या थोडं वर, पितळ साडेआठच्या जवळपास. जडाऊ, मोती आणि पोकळ वस्तूंना हे करायचं नाही, वर्ख पाण्याने काळी पडते. लोहचुंबकावर विसंबू नका, पितळही त्याला चिकटत नाही, आणि खऱ्या सोन्याच्या हुकातली स्टीलची स्प्रिंग मात्र चिकटू शकते.

मग सराफा, रिटर्नची मुदत संपायच्या आत. ही मुदत फार थोडी असते, म्हणून गावाला जायच्या आधी ऑर्डर करूच नका. संध्याकाळी उशिरा गेलात तर शटर पडलेली आणि समोर खाण्याच्या गाड्या लागलेल्या, दुपारी जा. "भिया, टंच निकाल दो" म्हटलं की मशीनवर ठेवून शुद्धतेचा कागद देतात, पण मशीन वरवरचा थर वाचतं, जाड पाणी चढवलेलं असलं तर चकतं, म्हणून आतल्या बाजूला बारीक घासून कसोटीवर पण बघा म्हणावं. विकणाऱ्याशी वाद होईल असं वाटलं तर बीआयएसच्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग सेंटरमध्ये न्या, तिथे आपल्यासारख्यांनाही फी भरून तपासून रिपोर्ट मिळतो आणि तो कागद कोणी सहजासहजी नाकारू शकत नाही.

मावसबहिणीने शेवटी चोकर सोडला आणि एका रीसेल साइटवरून चांदीचे झुमके घेतले, सोन्याचं पाणी दिलेले, बिलासकट. टंच ९२५ निघाला. एका झुमक्याची फिरकी सैल होती, ती तिथेच दुकानात बदलून घेतली, आणि बिलाच्या मागे नेट वजन, तारीख आणि दिलेली किंमत पेनाने लिहून ठेव असं मी तिला सांगितलंय, उद्या तिलाही विकावेसे वाटले तर पुढची मुलगी हेच विचारणार.