घरचे समोर, बार गच्च आणि हातात माइक: या चुका टाळा

नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या बारमध्ये ओपन माइक (कोणीही नाव देऊन स्टेजवर विनोद सांगायचे, तो कार्यक्रम) ठेवणाऱ्या माणसाला साष्टांग दंडवत. एका कोपऱ्यात भलाथोरला कूलर, दुसऱ्या कोपऱ्यात टीव्हीवर मॅच, आणि मधल्या टेबलावर माझे आई-बाबा, लग्नासाठी वर्ध्याहून आलेले मोठे बाबा, मोठी आई आणि त्यांचा मुलगा. माझा स्पॉट ५ मिनिटांचा. हशा आला दोनदा. त्यातला एक टीव्हीवर कॅच सुटला म्हणून.

घरी जाताना मी ठरवूनच टाकलं की आपले विनोद भिकार आहेत. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लोक हसले नाहीत आणि लोकांना ऐकू आलं नाही, हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधंही वेगळी. पुढची दोन टेबलं हसतात आणि मागे सामसूम असते, तेव्हा घोळ आवाजाचा. सगळे तुमच्याकडे बघताहेत पण चेहरे कोरे, तर घोळ विनोदाचा. लोक एकमेकांना "काय म्हणाला?" विचारताहेत, तर तुम्ही घाई करताय. स्टेजवर असताना हे कळत नाही, म्हणून रेकॉर्डिंग करायचं. पण फोन स्टेजजवळ नको, सगळ्यात मागच्या टेबलावर ठेवायचा. आणि घरच्यांच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही. माझा आईकडे होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्यापेक्षा मोठी आईच स्पष्ट ऐकू येते. "हा आपल्याबद्दल बोलून राहिला का?" आई म्हणते, "नाही, कूलरबद्दल."

त्या कूलरचं वाक्य मी असं लिहिलं होतं: "आमच्या घरी कूलर सुरू असला की कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून आई-बाबांचं भांडण फक्त हिवाळ्यातच होऊ शकतं." कागदावर ठीक वाटतं. बारमध्ये मात्र 'हिवाळ्यात'वर हसू फुटायच्या बेतात असतं आणि नेमकं तेव्हा मी 'होऊ शकतं' बोलत असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नवख्याच्या पंचमागे, म्हणजे ज्या शब्दावर हसू फुटायचं त्याच्यामागे, हमखास एखादं 'होतं', 'असतं', 'म्हणाला' लोंबकळत असतं. शांत हॉलमध्ये ते खपून जातं. गोंगाटात तेवढ्या शेपटीनं हसू विझतं, कारण हसायचं की पुढचं ऐकायचं हे लोकांना कळत नाही. आता मी असं म्हणतो: "आमच्या कूलरसमोर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आई-बाबांचं भांडण ऐकायचंय? या डिसेंबरात." आणि तोंड बंद. आपला सेट, म्हणजे स्टेजवर बोलायचं ते सगळं, कागदावर घ्या आणि प्रत्येक पंचनंतर किती शब्द उरतात ते मोजा. मी मोजले तेव्हा लाज वाटली.

लांबलचक किस्सेही इथे चालत नाहीत. पहिल्या मिनिटाला सांगितलेली गोष्ट चौथ्या मिनिटाला उपयोगी पडणार असेल, तर मधल्या काळात अर्धा बार सिगारेट ओढून आलेला असतो.

माइकच्या चुका त्या मानानं सोप्या. जाळीभोवती मूठ आवळली की आवाज कोंदट होतो आणि शिट्टी वाजायला लागते. स्पीकरच्या पुढे जाऊन उभं राहिलात तरी शिट्टीच. दांडा धरा, माइक ओठांपासून दोन बोटांवर ठेवा, मान वळली की तोही वळू द्या. साउंडवाल्याला "आवाज वाढव" म्हणायच्या आधी "बेस (खालच्या पट्टीतली घुमघुम) कमी कर" म्हणून बघा. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि बेसचा गदारोळ ती गिळून टाकतो. नुसता आवाज वाढवला की टेबलंही वरच्या पट्टीत बोलू लागतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्येच मांडलंय. टीव्ही बंद करून मिळणार नसेल तर निदान म्यूट करून मागा. हे तुमचा नंबर यायच्या आत, होस्टमार्फत. स्टेजवरून मागितलंत तर मॅच बघणारे तुम्हालाच बंद करतील.

आता घरचे. माझ्या चुलतभावाला १९ पूर्ण. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, म्हणून दारावरच्या माणसानं त्याला अडवलं. तो फक्त कोल्ड्रिंक पिणार हे पटवण्यात माझी सेटआधीची २० मिनिटं गेली. त्यामुळे प्रवेशाचं आदल्या दिवशी फोन करून विचारा. मोठे बाबा दारूबंदीच्या जिल्ह्यातले. त्यांनी मेन्यू कार्ड परीक्षेच्या पेपरसारखं दोनदा वाचलं आणि ताक मागवलं. ताकाचा आवाज होत नाही, सिझलरचा होतो. तो आमच्याच टेबलावर, माझ्याच पंचवर, चुरचुरत आला. वेटरला आधीच सांगून ठेवा.

घरच्यांना मधोमध बसवू नका, नजर तिथेच अडकते. बाजूला, जरा मागे बसवा. ज्याच्यावर विनोद आहे त्याला तो घरीच ऐकवा. आणि घरचे आहेत म्हणून शिव्या स्टेजवर उभ्या उभ्या गाळू नका. मी गाळल्या, आणि जिथे पंच होता तिथे नुसता खड्डा उरला. काय बोलायचं ते दुपारीच ठरवा.

पण घरचे आलेत हे लपवणं ही त्याहून मोठी चूक. शेजारच्या टेबलावरून एक जण ओरडला, "काऊन बे, घरी सांगून आला का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. असं कोणी ओरडलं की ते आधी माइकवर जसंच्या तसं म्हणायचं, कारण बाकीच्यांना ते ऐकूच आलेलं नसतं. मग उत्तर. मला ते रात्री २ वाजता सुचलं: "सांगून नाही, घेऊन आलो."

एक राहिलंच. उघड्या जागेत रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. लाइनअप लांबला की शेवटच्यांना कात्री लागते, म्हणून ३ मिनिटांचा सेट वेगळा तयार ठेवा.

आईचं माहेर गडचिरोलीकडचं वडसा, झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं रात्र-रात्र बघून वाढलेली. गाडीत ती एवढंच म्हणाली, "आमच्याकडचा नाटकातला माणूस लोकाईचं हसू थांबेपर्यंत तोंड उघडत नाही. तू तर हसू यायच्या आधीच पळून राहिला होता."

पुढचा स्पॉट जूनमध्ये, बंद हॉलमध्ये आहे. मोठे बाबांनी फोन करून विचारलंय, तिथे कूलर आहे का.