मिशनवर असताना स्वतःची श्रद्धा कशी जपावी

लेटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, मुलगे साधारण २४ महिने असतात, मुली १८ महिने. तिथे सोबत राहून काम करणारा दुसरा प्रचारक म्हणजे 'साथीदार'.

सकाळी साधारण साडेसहाला उठून आवरलं की वैयक्तिक अभ्यास असतो. तो सगळा शिकवण्याच्या तयारीत गेला की स्वतःच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून पहिली वीस मिनिटं आपल्याच एका प्रश्नाला द्या. वहीत वर तारीख आणि प्रश्न, खाली वाचलेला उतारा, शेवटी आज करायची एक गोष्ट. 'आणखी प्रेमळ व्हायचं' असलं काही नको. 'साथीदार बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही' असं लिहा, म्हणजे रात्री जमलं की नाही ते कळतं.

साथीदार दिवसभर सोबत, त्यामुळे सिद्धांतावरून नाही, खरकट्या भांड्यांवरून बिनसतं. दोघांनी मिळून घ्यायच्या साप्ताहिक आढाव्यात आधी त्याचं एखादं चांगलं काम, मग एकच तक्रार. साठवून ठेवलेली तक्रार भांडण होऊनच बाहेर पडते.

बाप्तिस्म्यांच्या आकड्यावर श्रद्धा मोजू नका. दार उघडायचं की नाही हे घरातल्या माणसाच्या हातात. २०१९ पासून घरी दर आठवड्याला फोन करता येतो, तेव्हा खरं बोला. झोप-भूक उडाली तर मात्र नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका, मिशन प्रमुखांना त्याच दिवशी सांगा.