समाजकल्याण विभागात माणसं किती लागतात? आधी तास मोजा

मागच्या वर्षीच्या मंजूर पदांत दहा टक्के वाढ टाकून प्रस्ताव पाठवला, की तो शेरा मारून परत येतो. पदांची मागणी टिकते ती तासांच्या हिशेबावर.

पाच दिवसांच्या आठवड्याने वर्षाचे २६० दिवस होतात. त्यातून सुट्ट्यांचे १५, रजेचे २५, आजारपणाचे ८ आणि प्रशिक्षणाचे १० वजा करा, उरतात २०२. रोजचे साडेसात तास धरले तर १५१५. बैठका, फोन आणि वरून मागवलेले तक्ते यांत त्याचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे प्रकरणांसाठी एका माणसाकडे ११३६ तास. (आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या कार्यालयाचे घाला.)

कामाला लागणारा वेळ टेबलावर बसून ठरवू नका. गर्दीचा एक आणि सैल एक असे दोन आठवडे प्रत्येकाकडून नोंद घ्या. समजा नव्या अर्जाला प्रवासासह गृहभेट अडीच तास, कागदपत्रांची पडताळणी एक, अहवाल दीड आणि टिपणी एक, असे सहा तास लागतात; चालू प्रकरणाला महिन्याला दीड. ६०० नवे अर्ज आणि ४०० चालू प्रकरणं असतील तर ३६०० अधिक ७२००, म्हणजे १०,८०० तास. साडेनऊ माणसांचं काम. १० पदं मागा. पाच जणांमागे एक पर्यवेक्षक धरून आणखी दोन. बालसंरक्षण मात्र वेगळं मोजा, तिथे एकेक प्रकरण फार वेळ खातं. चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका या तिथल्या बालकल्याण संस्थांच्या संघटनेच्या मानकात प्राथमिक चौकशी करणाऱ्याकडे महिन्याला १२ चालू प्रकरणंच धरली आहेत.

दहापैकी दोन पदं रिक्त राहिली तर १७१२ तास कमी पडतात, म्हणजे सुमारे ९५ चालू प्रकरणांचं वर्षभराचं काम. अर्जाला मुदत असते, भेटीला नसते. म्हणून आधी भेटीच बंद होतात आणि तक्त्यात ते दिसतही नाही. प्रस्तावात ‘२० टक्के पदे रिक्त’ एवढंच न लिहिता हा ९५चा आकडा लिहा.

पैशात सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पगाराची तरतूद होते, प्रवासाची राहते. मग क्षेत्र कर्मचारी कार्यालयातच बसून असतो. हाही हिशेब भेटींवरून करा. ६०० पहिल्या भेटी आणि ४०० प्रकरणांना दर दोन महिन्यांनी एक, मिळून ३००० भेटी. जाऊन-येऊन २० किलोमीटर धरले तर ६०,०००. एका फेरीत दोन घरं केली तर जवळपास निम्मे. रिक्त पदाचा पगार पूर्ण वर्षाचा मागू नका. भरतीला सात महिने लागणार असतील तर पाचच महिन्यांचा मागा. जास्तीचा पैसा अखर्चित राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच बचतीकडे बोट दाखवून कात्री लागते. तीन वर्षांच्या योजनेच्या निधीतून कायमचं काम करणारी पदं भरणं तर टाळाच: योजना संपते, प्रकरणं राहतात.

नव्या माणसाला दोन आठवडे नियम आणि नोंदी शिकवा, पुढचे चार अनुभवी सहकाऱ्याबरोबर भेटींना पाठवा. त्यानंतर तीन महिने निम्मीच प्रकरणं द्या. हे निम्मे तास, साधारण १४२, वरच्या हिशेबात धरायचे राहून जातात. जुन्यांचं प्रशिक्षण तीन-तीन जणांच्या तुकड्यांत घ्या, नाहीतर दहा दिवस कार्यालय ओस पडेल. ते उपयोगी पडलं का, हे हजेरीपटावरून कळत नाही. प्रत्येकाच्या दहा फाइली आधी आणि दहा तीन महिन्यांनी तपासा, त्रुटीसाठी परत आलेल्या किती ते मोजा. फरक नसेल तर व्याख्याता बदलण्याआधी पर्यवेक्षक पाहा. चांगला क्षेत्र कर्मचारी बढतीने पर्यवेक्षक होतो, पण दुसऱ्याची फाइल कशी वाचायची आणि चूक कशी दाखवायची हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याचं प्रशिक्षण वेगळं ठेवा, आणि दर पंधरवड्याला प्रत्येक कर्मचाऱ्याबरोबर एक तास फाइली घेऊन बसणं त्याच्या कामाच्या यादीत लेखी घाला.