'चार्ज'चा नेमका अर्थ कसा ओळखावा?

बँकेचं पत्र, कोर्टाची बातमी, विजेचं बिल, विज्ञानाचं पाठ्यपुस्तक: 'चार्ज' सगळीकडे भेटतो आणि दर ठिकाणी वेगळं बोलतो. अर्थांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी पुढच्या क्रमानं जा.

१. मूळ धरा.
लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर ओझं चढवण्याचं क्रियापद झालं आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. ('कार' आणि 'कार्गो' याच घराण्यातले.) म्हणून 'चार्ज' दिसला की एकच विचारा: ओझं कशाचं? पैशाचं असेल तर शुल्क, गुन्ह्याचं असेल तर आरोप, कामाचं असेल तर जबाबदारी. बंदुकीत भरायची दारूही चार्जच. बेंजामिन फ्रँकलिन १७४० च्या दशकात काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग करत होते, तेव्हा त्या भरण्यालाही त्यांनी हाच शब्द वापरला. आज आपण मोबाइल चार्जिंगला लावतो तो त्याच वापरामुळे.

मराठीतही हे ओझं दिसतं. पदभार, विद्युतप्रभार यांत 'भार' आहेच, आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेच्या कर्जाची नोंद होते तिला गावात सरळ 'बोजा' म्हणतात. इंग्रजी कागदावरचा 'चार्ज ऑन द प्रॉपर्टी' तो हाच. त्याला 'मालमत्तेवरील शुल्क' समजलात, तर फी भरून मोकळं होता येईल असं वाटेल. प्रत्यक्षात कर्ज फिटेपर्यंत जमीन त्याला बांधलेली असते.

'हल्ला' हा अर्थ मात्र या ओझ्यात सहज बसत नाही. १८५४ मध्ये क्रिमियातल्या बालाक्लाव्हाला ब्रिटिश घोडदळानं केला तो चार्ज, किंवा आपला लाठीचार्ज, वेगळा लक्षात ठेवलेला बरा.

२. शेजारचा शब्द पाहा.
'चार्ज फॉर' म्हणजे त्या गोष्टीचे पैसे लावणं. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट. 'चार्ज ॲट' म्हणजे अंगावर धावून जाणं.

खरी फसगत 'चार्ज्ड विथ'मध्ये होते. पुढे चोरी, फसवणूक असं काही असेल तर आरोप आहे. पण 'द कमिटी इज चार्ज्ड विथ प्रिपेअरिंग अ रिपोर्ट' या वाक्यात समितीनं काही गुन्हा केलेला नाही, अहवालाचं काम तिच्यावर सोपवलंय. तसंच 'नर्स इन चार्ज ऑफ द चाइल्ड' आणि 'चाइल्ड इन द चार्ज ऑफ द नर्स'. दोन्हीकडे सांभाळणारी नर्सच, पण एका 'द'नं वाक्य उलटं फिरतं.

३. विषय कोणता ते बघा.
कोर्टाच्या बातमीत दोन वेगळ्या पायऱ्या असतात. पोलिस 'चार्जशीट' म्हणजे आरोपपत्र दाखल करतात. पुढे न्यायालय 'चार्ज फ्रेम' करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं. पहिलं झालं म्हणून दुसरं झालंच असं नाही. वीजबिलात 'आकार' हा शब्द रुळला आहे: स्थिर आकार, वहन आकार.

४. मराठी शब्द बसवून वाक्य मोठ्यानं वाचा.
अडखळलात तर अर्थ चुकलाय. मात्र लोक 'चार्ज' म्हणतात तिथे तोच राहू द्या. फोन 'प्रभारित' करायला सांगितलात तर घरातले हसतील.

५. मगच कोश उघडा.
पहिलाच अर्थ उचलू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात जुने अर्थ आधी येतात, विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत बहुधा सर्वाधिक वापरातले. 'इन चार्ज'सारखे वाक्प्रयोग अनेकदा नोंदीच्या तळाशी असतात, तेव्हा ते शोधायचे असतील तर खालून वर वाचत या.