पोरीच्या कानाला फोन लावण्याआधी

खानापुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काच बदलायला आलेल्या आया काउंटरवर हमखास विचारतात, "दादा, रेडिएशननं पोरांच्या डोक्याला काय होतं हो?"

आधी *#०७# दाबा. बहुतेक फोनवर एसएआरचा आकडा येईल, म्हणजे फोनमधून निघणाऱ्या लहरी शरीर किती शोषतं त्याचं माप. आपल्याकडं मर्यादा १.६ वॅट प्रति किलो. पण आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो फोन पूर्ण जोरात चालवून मोजलेला असतो. रोजचा जोर रेंज ठरवते. बेळगावात टॉवर जवळ, फोन कुजबुजतो. कणकुंबीच्या रानात एकच दांडी असली की तोच फोन टॉवर गाठायला बोंबलतो. टॉवरविरुद्ध अर्ज घेऊन सह्या मागायला येणाऱ्यांना हे पटत नाही, ते सोडा.

म्हणून एक-दोन दांड्या असताना पोरांच्या कानाला फोन लावायचाच नाही. स्पीकर लावा, फोन हातभर लांब ठेवा. अंतर वाढलं की मारा झपाट्यानं घटतो. कार्टून रेंजमध्ये असतानाच उतरवून घ्या आणि फ्लाइट मोड टाकून द्या; वायफाय, ब्लूटूथही बंद. 'रेडिएशन शोषणारं' स्टिकर मात्र घेऊ नका. नफा चांगला आहे, तरी मी ठेवत नाही. अँटेना झाकली गेली तर फोन उलट जोर वाढवतो.

आता डोक्याचं. २०११ साली अमेरिकेत ४७ मोठ्या माणसांच्या कानाला ५० मिनिटं चालू फोन लावून मेंदू तपासला. अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे ७ टक्के वाढला. त्यानं अपाय होतो, असं त्यातून सिद्ध झालं नाही. पुढं १४ देशांत १० ते २४ वयाच्या मुलांची पाहणी झाली, त्यात मेंदूच्या गाठीशी संबंध आढळला नाही. मला विचाराल तर उशाखालचा फोन झोप खातो, त्याचा घोर जास्त. आमच्याकडं नऊ वाजता सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

कणकुंबीहून आजीचा फोन आला की आमची लेक तो तांदळाच्या डब्यावर ठेवून स्पीकर लावते. आजी ओरडते, "डब्यातनं बोलतेस काय गं?" आणि शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडनं हसतात.